रिहॅबमध्ये यायचंय? मग ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी अशी शिका

रिहॅब म्हणजे इजा-आजारानंतर माणसाला परत रोजच्या जगण्याला लावणं. त्यासाठी फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स (कृत्रिम हात-पाय आणि आधाराची साधनं), कुठल्याही कोर्सला गेलात तरी पहिल्याच वर्षी ॲनाटॉमी (शरीराची रचना) आणि फिजिऑलॉजी (शरीराचं काम) समोर येतात, आणि पुस्तकांची जाडी बघूनच बरीच मुलं पाठांतराला लागतात. मीही तेच केलं होतं. खांद्याभोवतीच्या रोटेटर कफचे चारही मसल्स, सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरीस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस, ओरिजिन-इन्सर्शन-नर्व्ह सप्लायसकट (कुठून निघतो, कुठे लागतो, कुठली नर्व्ह चालवते) मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता यायचे. मग दुसऱ्या वर्षी सरांनी एका मावशींना समोर बसवलं, यांना केस विंचरता येत नाहीत, हात खांद्याच्या वर जात नाही, कुठे अडतंय सांग म्हणाले, आणि मला एक शब्द बोलता येईना. माहिती सगळी होती पण उलट्या बाजूने रचलेली होती. पुस्तक मसलपासून सुरू होऊन हालचालीपर्यंत जातं, पेशंट मात्र न होणारी हालचाल घेऊन येतो आणि तिथून मागे मागे मसलपर्यंत आपल्याला जावं लागतं.

म्हणून सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या. जे काही शिकाल, हाड असो, मसल असो, नर्व्ह असो, त्याच्यापुढे वहीत एक ओळ लिहायची: हे बंद पडलं तर माणसाला रोजच्या जगण्यातलं काय जमणार नाही? फक्त 'ॲबडक्शन होणार नाही' लिहून थांबू नका (ॲबडक्शन म्हणजे हात किंवा पाय बाजूला नेणं), 'वरच्या फळीवरचा डबा काढता येणार नाही' असं लिहा. सुरुवातीला फार हळू चालल्यासारखं वाटेल, बाकीचे तीन चॅप्टर पुढे गेलेले असतील, जाऊ दे त्यांना.

पहिला आठवडा: फक्त भाषा

ॲनाटॉमिकल पोझिशन म्हणजे माणूस ताठ उभा, तोंड समोर, हात बाजूला, तळवे पुढे. यापुढे शरीराबद्दल जे काही बोलायचं ते माणूस असाच उभा आहे असं धरून, मग तो प्रत्यक्षात पालथा झोपलेला असो नाहीतर व्हीलचेअरमध्ये बसलेला असो. या पोझिशनमध्ये अंगठा बाहेरच्या बाजूला म्हणून तो लॅटरल, करंगळी मीडियल, म्हणजे आतल्या बाजूची. हे पक्कं केलं नाही तर पुढे फोरआर्मचे (कोपर ते मनगट) २० मसल्स शिकताना गोंधळ होतो, कारण आपण अभ्यासाला बसतो टेबलावर तळवे पालथे ठेवून आणि पुस्तक बोलत असतं तळवे पुढे धरून. उजवं-डावं नेहमी पेशंटचं, तुमचं नाही. फ्लेक्शन-एक्स्टेन्शन (वाकवणं-सरळ करणं) सॅजिटल प्लेनमध्ये, हात-पाय बाजूला नेणं-आणणं फ्रंटल प्लेनमध्ये, फिरवणं ट्रान्सव्हर्स प्लेनमध्ये, हे आरशासमोर उभं राहून हालचाल करत करत मोठ्याने बोलायचं, वाचून लक्षात राहत नाही.

नावांना घाबरू नका, उलट नावंच अर्धं काम करतात. बायसेप्स म्हणजे दोन डोकी, क्वाड्रिसेप्स म्हणजे चार. कुठे ब्रेव्हिस (आखूड) दिसला की त्याचा लाँगस (लांब) नावाचा मोठा भाऊ बहुतेक जवळपास सापडतोच. स्टर्नोक्लायडोमास्टॉइड हे नाव ऐकायला भीतीदायक आहे, पण त्यात स्टर्नम (छातीचं मधलं हाड) आहे, क्लॅव्हिकल (कॉलरबोन) आहे आणि कानामागचं मास्टॉइड आहे, म्हणजे कुठून निघतो आणि कुठे लागतो ते नावातच सांगून टाकलंय. आता मानेच्या उजव्या बाजूला बोटं ठेवा आणि तोंड डावीकडे वळवा. दोरीसारखा वर येतो तोच तो. उजवा मसल तोंड डावीकडे वळवतो हे आता विसरणं कठीण.

मग हाडं, पण हाताने

मोठ्या माणसात हाडं २०६. सगळ्यांना सारखा वेळ द्यायची गरज नाही. कवटीतली बारीक भोकं परीक्षेपुरती बघावी लागतील, पण रिहॅबमध्ये रोजचं काम पाठीचा कणा, खांदा, पेल्व्हिस (ओटीपोटाभोवतीची हाडं), गुडघा, हात आणि पाऊल यांच्याशी. (स्पीच थेरपीकडे जाणाऱ्यांनी मात्र जबडा, हायॉइड (जिभेच्या मुळाशी असलेलं हाड) आणि घसा जीव लावून करावा, गिळणं तिथे घडतं.)

हाडं शिकायची पद्धत म्हणजे लँडमार्क शोधणं. मान खाली घाला, मानेच्या तळाशी सगळ्यात जास्त टोचणारा मणका लागतो तो बहुतेकांत सी ७ (सी म्हणजे मानेचे मणके, टी छातीमागचे, एल कमरेचे, एस त्याखालचे). खांद्याच्या पात्यावरची आडवी कड ती स्पाइन ऑफ स्कॅप्युला, तिच्यावरून बोट सरकवत बाहेर गेलात की ॲक्रोमियन. पात्याचं खालचं टोक साधारण टी ७ च्या रेषेत. कमरेवर हात ठेवून उभं राहता तेव्हा तळव्याखाली येतो तो इलियाक क्रेस्ट, दोन्ही बाजूंच्या क्रेस्ट जोडणारी रेषा साधारण एल ४ वरून जाते. आधी स्वतःवर शोधा, मग मित्र-मैत्रिणींवर परवानगी घेऊन, त्वचेवर पुसता येणाऱ्या पेनने खूण करून, आणि शक्य तितक्या वेगवेगळ्या बांध्याच्या लोकांवर. सडपातळ मुलाच्या अंगावर ग्रेटर ट्रोकँटर (मांडीच्या हाडाचा खुब्याजवळचा उंचवटा) लगेच लागतो, जाड माणसात तोच शोधताना घाम फुटतो, आणि पेशंट कुठल्या बांध्याचा यावा हे आपल्या हातात नसतं.

हे लँडमार्क पुढे कुठे लागतात त्याचं एकच उदाहरण देते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, बोटाला एक गोल टेकाड लागतं, ते फिब्युलाचं, म्हणजे गुडघ्याखालच्या बाहेरच्या बारीक हाडाचं, डोकं. त्याच्या जरा खाली, फिब्युलाच्या मानेला (डोक्याखालच्या निमुळत्या भागाला) वळसा घालून कॉमन पेरोनियल नर्व्ह जाते, जवळजवळ त्वचेखालीच, वर मसलची गादी नाही. प्लास्टर तिथे घट्ट बसलं, बेशुद्ध पेशंटचा पाय बाहेर वळून तासन्‌तास त्या जागेवर टेकून राहिला, तर नर्व्ह दबते आणि पाऊल वर उचलता येईनासं होतं, फुट ड्रॉप. गुडघ्याखाली पाय कापलेल्या माणसाचा सॉकेट (कृत्रिम पायाचा, उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग) बनवताना म्हणूनच वजन गुडघ्याच्या वाटीखालच्या पटेलर टेंडनवर आणि टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) आतल्या उतारावर घेतात आणि फिब्युलाच्या डोक्यापाशी जागा मोकळी सोडतात. एक टेकाड, पण ते न सापडणाऱ्या माणसाने बनवलेला सॉकेट कोणालातरी त्रास देणार.

जाता जाता एक सांगते. सुश्रुतसंहितेत शरीर शिकायची जी रीत दिली आहे त्यात मृतदेह गवतात गुंडाळून नदीच्या पाण्यात सात रात्री ठेवायचा आणि मग कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून एकेक थर डोळ्याने बघत जायचं असं सांगितलंय. हाडांचा आकडा तिथे ३०० आहे, आजच्यापेक्षा वेगळा, पण थरांनी शिकायचं आणि डोळ्याने बघून शिकायचं हे आजही तसंच लागू पडतं.

सांधे: तिने उचलला की मी उचलला

सांध्यांचे प्रकार, हिंज, पिव्हट, बॉल अँड सॉकेट, एका दुपारी होतात. खरा वेळ द्यायचा तो खांद्याला. खुब्याचा बॉल खोल वाटीत बसलेला, खांद्याचा मोठा बॉल उथळ बशीवर टेकलेला. म्हणून खुबा वजन पेलतो आणि खांदा सगळीकडे फिरतो, पण निखळतोही लवकर. हात पूर्ण वर जातो तेव्हा ते १८० अंश एकट्या खांद्याच्या सांध्याचे नसतात. साधारण १२० त्याचे आणि ६० पातं छातीच्या पिंजऱ्यावर सरकून फिरतं त्याचे, म्हणजे २ ला १ असं प्रमाण. मैत्रिणीच्या मागे उभं राहा, पात्याच्या खालच्या टोकाला अंगठा लावा आणि तिला हात बाजूने वर न्यायला सांगा. टोक बाहेर, काखेकडे सरकताना तुमच्या अंगठ्याला कळेल.

आता त्या मावशींकडे परत येऊ. सरांनी नंतर मला करून दाखवलं ते असं. आधी मावशींना स्वतः हात उचलायला सांगितला, अर्ध्यातच थांबला आणि खांदा कानाकडे चढला. मग त्यांना हात सैल सोडायला सांगून सरांनी स्वतः उचलला, तरी तिथेच अडला. कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर वळवून बघितला तर तोही जेमतेम वळला. मावशींचं पातं दुसऱ्या बाजूपेक्षा खूप लवकर आणि जास्त सरकत होतं. हा फ्रोझन खांदा, कॅप्सूलच, म्हणजे सांध्याभोवतीची पिशवीच, आक्रसलेली. रोटेटर कफ फाटलेला असता तर मावशींना स्वतःहून जमलं नसतं पण सरांच्या हातात खांदा बराचसा वर गेला असता. पेशंटने केली तर ॲक्टिव्ह, आपण केली तर पॅसिव्ह, आणि दोन्हींतला फरक आपल्याला सांगतो की दोष ओढणाऱ्यात आहे की अडवणाऱ्यात. दोघींना एकाच वाक्यात 'हात वर जात नाही' म्हणता येतं, व्यायाम मात्र अगदी वेगळे.

प्रत्येक सांध्याचा अभ्यास असाच करा: किती फिरतो, कुठे थांबतो, थांबताना हाताला कसं लागतं. कोपर सरळ केल्यावर हाडावर हाड लागल्यासारखं कडक थांबतं, वाकवल्यावर मांसावर मांस टेकून मऊ. हा फरक हाताला एकदा कळला की पुढे सुजलेल्या नाहीतर आक्रसलेल्या सांध्याचं थांबणं आपोआप वेगळं लागतं.

मसल्स: एकेक घेऊ नका

सहाशेवर मसल्स एकेक करून पाठ करायला बसाल तर महिन्याभरात हात टेकाल. गटाने घ्या. दंडाचा पुढचा कप्पा मस्क्युलोक्युटेनियस नर्व्हचा, दंडाचा आणि फोरआर्मचा मागचा कप्पा रेडियलचा. मांडीचा पुढचा फिमोरलचा, आतला बहुतेक ऑब्ट्युरेटरचा, मागचा सायॅटिकचा. कप्पा कळला की नर्व्ह कळली, साधारण काम कळलं, राहिले फक्त अपवाद आणि अपवाद थोडेच असतात. मग प्रत्येक मसलबद्दल विचारायचं, हा कुठला सांधा ओलांडतो आणि कुठल्या बाजूने. कोपराच्या पुढून गेला तर वाकवणार, मागून गेला तर सरळ करणार. गुडघ्याचं उलटं, तिथे पुढून जाणारा सरळ करतो. ॲक्शन पाठ करायची गरजच उरत नाही, काढता येते.

काही मसल्स दोन-दोन सांधे ओलांडतात आणि खरी गंमत तिथे आहे. आत्ता करून बघा. घट्ट मूठ आवळा. मूठ तशीच ठेवून मनगट तळव्याच्या बाजूला शक्य तितकं वाकवा. पकड सैल पडते, कितीही जोर लावा. बोटं वाकवणारे मसल्स मनगटही ओलांडतात, मनगट वाकल्यावर ते आधीच आखूड झाले, आता आणखी आवळायला जागा नाही, आणि मागचे एक्स्टेन्सर (बोटं सरळ करणारे मसल्स) ताणून बोटं उघडायला बघतात. आता दुसरं. कोपर टेबलावर टेकवा, हात पूर्ण ढिला सोडा. मनगट पुढे पडू द्या, बोटं आपोआप उघडतील. दुसऱ्या हाताने मनगट मागे ढकला, बोटं आपोआप मिटतील. तुम्ही बोटांना काहीच सांगितलेलं नाही, फक्त टेंडनची (मसल हाडाला बांधणाऱ्या दोरीची) लांबी ठरलेली आहे.

याला टेनोडेसिस म्हणतात आणि मानेत सी ६ पातळीवर मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचं अर्ध आयुष्य यावर चालतं. त्याला मनगट मागे नेता येतं कारण तो मसल सी ६ वर चालतो, पण बोटं मिटता येत नाहीत, ती सी ८ वर. तरी तो मनगट मागे नेऊन कप धरतो, ब्रश धरतो, पेन धरतो आणि मनगट सोडून ते खाली ठेवतो. आता विचार करा, नवीन थेरपिस्ट आला, बोटं जरा आखडलेली दिसली, आणि चांगल्या हेतूने रोज मनगट मागे ठेवून बोटं पूर्ण सरळ ताणू लागला. टेंडन सैल पडले की मनगट मागे नेल्यावर बोटं मिटणार नाहीत आणि त्या माणसाची होती तेवढी पकड गेली. म्हणून त्याचे हात हलवताना मनगट मागे असेल तेव्हा बोटं मिटलेली आणि बोटं उघडताना मनगट पुढे सोडलेलं ठेवतात, हातावर भार देऊन बसवतानासुद्धा बोटं मिटलेली ठेवून बसवतात. मला वाटतं प्रत्येक नवीन मुलाने ही एक गोष्ट पहिल्याच वर्षी ऐकायला हवी, ॲनाटॉमी कशासाठी याचं उत्तर तिच्यात आहे.

पायात असंच पोटरीचं. गॅस्ट्रोक्नेमियस गुडघा आणि घोटा दोन्ही ओलांडतो, त्याच्याखालचा सोलियस फक्त घोटा. पाऊल वर येत नसेल तर गुडघा सरळ ठेवून बघा आणि वाकवून बघा. वाकवल्यावर छान वर आलं तर गॅस्ट्रोक्नेमियस आखूड आहे, दोन्ही वेळा अडलं तर सोलियस नाहीतर सांधाच.

आणि कुल्ल्यातला ग्लुटियस मीडियस. एका पायावर उभं राहिल्यावर पेल्व्हिस दुसऱ्या बाजूला पडू न देणं हे त्याचं मोठं काम. उजव्या पायावर उभं राहिल्यावर डावी बाजू खाली गेली तर कमजोर उजवा, डावा नाही, इथे व्हायवात दरवर्षी मुलं घसरतात. ही खूण ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन सर्जनने १८९५ मध्ये सांगितली. काठी दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात का देतात तेही इथेच कळतं: काठीचा टेकू खुब्यापासून लांब असतो, लांबून दिलेला थोडा जोरही पेल्व्हिस धरायला पुरतो आणि मसलला कमी ओढावं लागतं, म्हणून सांध्यावरचा दाबही कमी होतो.

अजून एक, मसल फक्त आखूड होत काम करतो असं समजू नका. जिना उतरताना क्वाड्रिसेप्स लांब होत होत वजन सोडत असतो. म्हणून बऱ्याच पेशंटला चढायला जमतं पण उतरताना गुडघा दगा देतो.

नर्व्ह: चित्र काढा, रोज

ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताला जाणाऱ्या नर्व्हचं जाळं, वाचून येत नाही. सी ५ ते टी १ पाच रूट्स, तीन ट्रंक्स, सहा डिव्हिजन्स, तीन कॉर्ड्स, शेवटी पाच मोठ्या शाखा. कोरा कागद घ्या आणि न बघता काढा, चुकलं की बघा, परत काढा. रोज सकाळी एकदा, तीन आठवडे. सुरुवातीला दहा मिनिटं लागतात, शेवटी एका मिनिटात होतं. मग प्रत्येक शाखेजवळ एक हात काढा: रेडियल गेली तर मनगट लोंबतं, अल्नर गेली तर करंगळी आणि शेजारचं बोट पंजासारखं वळतं, मीडियन गेली तर अंगठा बोटांसमोर येत नाही आणि शर्टचं बटण लागत नाही. कोपर दाराला आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ती अल्नर, म्हणजे तिचा रस्ता तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे.

स्पायनल नर्व्हच्या ३१ जोड्या, मानेत मणके ७ पण नर्व्ह ८. मानेतली नर्व्ह आपल्या नंबरच्या मणक्याच्या वरून निघते, सी ७ च्या खालून निघणारीला म्हणून सी ८ नाव पडलं, आणि तिथून खाली प्रत्येक नर्व्ह आपल्या मणक्याच्या खालून निघते. कुठली पातळी काय हलवते हे उभं राहून हातवारे करत पाठ करा. कोपर वाकवा सी ५, मनगट मागे सी ६, कोपर सरळ सी ७, बोटं मिटा सी ८, बोटं फाकवा टी १. मांडी वर एल २, गुडघा सरळ एल ३, पाऊल वर एल ४, पायाचा अंगठा वर एल ५, टाचा उचला एस १. त्वचेचंही असंच, अंगठा सी ६, मधलं बोट सी ७, करंगळी सी ८, छातीवर निपलची रेषा टी ४, बेंबी टी १०.

फिजिऑलॉजी: तीच गोष्ट आतून

मुलं हे दोन वेगळे विषय धरतात, दोन वेगळ्या वह्या करतात. माझा सल्ला, एकच वही. मूठ सैल पडली ते आठवा. मसलच्या आत ॲक्टिन आणि मायोसिनचे तंतू एकमेकांवरून सरकतात, १९५४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी हे मांडलं. तंतू योग्य तेवढे एकमेकांवर आले असतील तर पकडायला जागा भरपूर, फार जवळ आले की गर्दी होते, फार लांब गेले की पकडच नाही. मसलचा जोर त्याच्या लांबीवर ठरतो तो यामुळे. आता पेशंटला व्यायाम देताना सांधा कुठल्या कोनात ठेवायचा हा प्रश्न फिजिऑलॉजीचाच झाला की नाही?

व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पेशंटचा जोर वाढतो पण मांडीचा घेर तसाच. मेंदू आणि नर्व्ह आधी शिकतात, जास्त मोटर युनिट्स (एक नर्व्हपेशी आणि तिच्यावर चालणारे मसलचे तंतू) कामाला लावायला लागतात, मसल जाड व्हायला वेळ लागतो. हे माहीत असेल तर टेप लावून निराश झालेल्या पेशंटला नीट समजावता येतं.

जखम भरण्याचे टप्पे डोक्यात पक्के हवेत, आधी सूज, मग नवीन टिश्यू, मग महिनोन्‌महिने त्याची फेररचना. कुठल्या टप्प्यात किती ताण द्यायचा यावर सगळी थेरपी उभी आहे. तुटलेली नर्व्ह परत वाढते ती साधारण दिवसाला १ मिलिमीटर. रेडियल नर्व्हला दंडात इजा झाली आणि तिथून मनगटाच्या मसलपर्यंत १२ सेंटिमीटर अंतर असेल तर नुसत्या वाढीलाच १२० दिवस. चार महिने काहीच हलणार नाही, आणि त्या चार महिन्यांत मनगट स्प्लिंटमध्ये ठेवून सांधे मोकळे ठेवणं हे आपलं काम, नाहीतर नर्व्ह पोचेल तेव्हा सांधा आखडून बसलेला असेल.

हार्ट आणि लंग्ज 'आपल्याला काय करायचंय' म्हणून सोडू नका. बरेच दिवस पडून असलेल्या माणसाला एकदम उभं केलं की रक्त पायात साठतं. उभं राहिल्यापासून ३ मिनिटांत वरचं बीपी २० नाहीतर खालचं १० ने पडलं तर ते ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन, तो कोसळू शकतो. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद ठेवणारं औषध) घेणाऱ्याचे ठोके व्यायामाने फारसे वाढतच नाहीत, मग पल्स बघून व्यायाम ठरवाल तर फसाल, तिथे 'किती दमलात' हे विचारणारी बोर्ग स्केल, ६ ते २०. आणि टी ६ किंवा त्याच्या वर मज्जारज्जूची इजा असलेल्या माणसाचं अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम सुटला, तर बीपी धोकादायक चढलेलं असू शकतं आणि कारण बरेचदा फक्त तुंबलेलं ब्लॅडर नाहीतर पिळलेली कॅथेटरची नळी. त्याला लगेच बसवा, घट्ट कपडे सैल करा, नळी बघा, मदत बोलवा. तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो.

रोजचं आणि डिसेक्शन हॉलचं

वाचणं कमी, आठवणं जास्त. चॅप्टर वाचून झाल्यावर पुस्तक मिटून बोला, मोठ्याने, शेजारी कोणी असेल तर त्याला शिकवा. दुसऱ्या दिवशी परत, आठवड्याने परत. हायलायटरने पानं पिवळी करून काहीच होत नाही, मी केली आहेत. मोबाइलवरची थ्रीडी मॉडेल्स चांगली आहेत, मसल काढून खाली काय आहे ते बघता येतं, पण त्यात प्रत्येक शरीर एकसारखं असतं. खऱ्यात नसतं. अंगठा आणि करंगळी एकमेकांना लावून मनगट वाकवा, मध्ये एक टेंडन वर येतो तो पाल्मॅरिस लाँगस, आणि बऱ्याच लोकांना तो नसतोच, नसल्याने पकडीत काही फरकही पडत नाही.

डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्या दिवशी अस्वस्थ वाटलं तर ते नॉर्मल आहे. ज्यांनी देह दिला त्यांच्याबद्दल आदर ठेवा, हळू बोला, फोटो काढू नका. तिथे मुद्दाम बघायचं ते खोली. पिरिफॉर्मिस किती आत आहे, वर ग्लुटियस मॅक्सिमसचा केवढा थर आहे, हे एकदा बघितलं की अंगठ्याने दाबून आपण कशाला पोचतो आणि कशाला नाही याबद्दल माणूस जपून बोलायला लागतो. तिथले मसल्स मात्र कडक आणि फिके असतात, जिवंत मसलचा ताण त्यांच्यात नसतो, तो जिवंत माणसावरच शिकावा लागतो.

पहिलं पोस्टिंग

हात गरम करून जा, गार हाताने मसल आवळतात आणि सगळी टेस्ट चुकते. फाइल वाचण्याआधी पेशंट दारातून येताना बघा. एवढंच नाही, ऐका. टाच टेकल्यावर पंजा हळू खाली यायला हवा, तो फट्‌कन जमिनीवर आपटला तर टिबियालिस ॲन्टीरियरला (पाऊल वर उचलणाऱ्या मसलला) वजन हळू सोडता येत नाहीये. आता तो कमजोर का? नर्व्ह फिब्युलाच्या मानेपाशी दबलीये की कमरेत एल ५ चा रूट दबलाय (पाऊल उचलण्यात एल ४ बरोबर एल ५ चाही वाटा असतो)? दोन्हींत पाऊल वर येत नाही. पेशंटला पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगा आणि हाताने अडवून बघा. ते काम टिबियालिस पोस्टीरियरचं, त्याला एल ५ चे तंतू मिळतात पण ते टिबियल नर्व्हमधून, फिब्युलाच्या वाटेने नाही. जोर चांगला असेल तर बोट फिब्युलाच्या डोक्याखाली न्या आणि हळूच टिचकी मारून बघा पावलावर झिणझिण्या येतात का, तिथेही कमी पडला तर कंबर बघायला घ्या आणि सरांना हाक मारा.